माउसला लावलेलं गंध

देवासच्या राममंदिरात एकादशीचं कीर्तन अर्ध्या तासावर आलं होतं, आणि पडद्यावर अभंग दाखवायचा कृष्णरावांचा वायरलेस माउस चालेना. मागे साथ करणाऱ्या पोरांना अभंग पाठ नाहीत. पडद्याविना ती मुकी बसणार.

"तू लॅपटॉपवर टाकलेल्या फुकटच्या लिनक्सनं घात केला!" ते फोनवरून धारच्या भाच्यावर, अंशुलवर कडाडले.

"मामा, भडकू नका. मी सांगतो ते माउस तपासायचं सॉफ्टवेअर टाका."

दात-ओठ खात त्यांनी ते कीबोर्डवरून टाकलं. त्यात माउस जोडलेला दिसला, बॅटरीही भरलेली.

"मग मेला चालत का नाही?"

"उलटा करून बघा."

माउसच्या पोटाखालच्या दिव्यावर काल दसऱ्याच्या पूजेत त्यांनीच लावलेलं गंध वाळलं होतं. त्यांनी ते उपरण्यानं खसाखसा पुसलं. पडद्यावर अभंग उमटला.

"अंशुल, हसलास तर बघ!"