कप्तानाचा नारंगी सदरा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. मला रंग दाखवता येत नाहीत. माझ्या पुढच्या डाव्या पायाखाली बरीच वर्षं एक पत्र दबून होतं. सुरतेहून आलेलं, चार घड्या घातलेलं. त्या पत्राला उत्तर गेलं नव्हतं. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे काही आहे, ते त्या पत्राभोवतीच आहे.

कारखान्यात मी कसा तयार झालो, ते मला फारसं आठवत नाही. खोका उघडला तेव्हा मी मोर्शीत, मोईज शिंप्याच्या दुकानात होतो. समोर शिवणयंत्र, बाजूला चिंध्यांचं गाठोडं आणि बाहेर बसस्टँडकडे जाणारा रस्ता. मोईज अबोल माणूस होता. माप घेतानाही तो गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघायचा. मला त्याने एकाच कारणासाठी आणलं होतं. दर रविवारी सकाळी 'ध्रुवयान' नावाची मालिका लागत असे. एक कप्तान आपलं यान घेऊन ताऱ्यांमध्ये वाट चुकतो आणि पृथ्वीचा रस्ता शोधत फिरतो, अशी ती गोष्ट. मालिका संपली, काही वर्षांनी तिचा दुसरा भाग आला, मग तिसरा. मोईजच्या केसांत पांढरं दिसू लागलं, पण रविवारी सकाळी त्याचं यंत्र बंदच असे.

त्याच्या शेजारी देवमन बसे. दोघे एकाच मराठी शाळेत शिकले होते. देवमन बागांमध्ये संत्र्याच्या पेट्या भरायचा. तळाशी तणसाचा पेंढा, वर फळांचे थर, मग फळीवर खिळे. त्याच्या हाताला संत्र्याचा वास असे, असं सगळे म्हणत. वीज गेली की तो मालकाच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून खांद्यावर आणायचा आणि मला जोडायचा. चित्र थरथरलं तर छपरावर चढून अँटेना फिरवायचा. "आलं काय बे?" असं तो वरून ओरडायचा. मोईजचा आवाज इतका बारीक, की देवमनला उत्तर ऐकू यायचं नाही. मग तो खाली उतरून स्वतःच बघायचा.

एका दिवाळीला मोईजने त्याच्यासाठी कप्तानासारखा सदरा शिवायला घेतला. खांद्यावर तीन पट्ट्या, गळ्याशी उभी पट्टी. सगळं माप त्याने माझ्याकडे बघून काढलं होतं. फक्त रंग कळेना.

"राखाडी असन," मोईज म्हणाला.

"राखाडी तुह्या टीव्हीत हाय, त्यायच्या यानात नाही. नारंगी असन."

"कावून?"

"एवढ्या मोठ्या आभाळात माणूस हारपला, तं दुरून दिसाले नको काय?"

रंगीत टीव्ही गावात दोनचार घरी होते. पण तिथे जाऊन विचारायला मोईज लाजत असे. त्याला देवमनचं म्हणणं पटलं. नारंगी कापड आलं, सदरा झाला आणि देवमन तो घालून बागेत गेला. लोक त्याला कप्तान म्हणू लागले. "कपतान, यान कुठं लावलं?" असं कोणी विचारलं की तो म्हणे, "कडुलिंबाखाली. हवा भरून राह्यले."

पुढची वर्षं वाईट आली. विहिरी आटल्या, नवी बोअर मारली तर धूळ वर आली. बागा वाळल्या आणि मग तोडल्या. संत्र्याच्या लाकडांनी भरलेले ट्रक माझ्या समोरून जात. दिवाळीलाही नवे कपडे शिवायला फार कोणी येईना. मोईज जुन्या विजारींना ठिगळं लावत बसे. भरायला पेट्याच उरल्या नाहीत, तेव्हा देवमन बायकोपोरांना घेऊन सुरतेला निघाला. जाताना त्याने तोच सदरा घातला होता. मोईज दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. बस वळेपर्यंत खिडकीतली नारंगी बाही दिसत होती, असं त्याने रात्री बायकोला, आमिनाबीला, सांगितलं. मला ती राखाडीच दिसली.

मग ते पत्र आलं. मोईजने ते माझ्यासमोर हलक्या आवाजात वाचलं.

"मोईज, इथं खोलीमालकाकडे रंगीत टीव्ही हाय. कपतानाचा सदरा निळा हाय बे. इतकी वर्सं मी उगाच नारंगी घालून गावभर फिरलो. आता तिसऱ्या भागाचा शेवट हाय, पण मले रविवारी सुट्टी भेटत नाही. तू पाह्यजो अन् मले लिवजो, कपतान घरी पोचला का नाही. तो पोचला तं मी बी लेकरायले घेऊन दिवाळीले येतो. तुह्याशिवाय कोणाच्या सांगण्यावर माहा भरोसा नाही."

त्या रविवारी मोईज एकटाच माझ्यासमोर बसला. कप्तानाला पृथ्वी दिसली. एवढीशी, बटणाएवढी. तेवढ्यात मागून दुसऱ्या यानाची हाक आली आणि त्याने आपलं यान उलटं वळवलं. शेवटी रिकामी खुर्ची दिसली आणि नावं वर सरकू लागली. मोईजने उठून मला बंद केलं.

त्याने कोरं आंतरदेशीय पत्र आणलं. 'देवमन, कप्तान' एवढं लिहिलं आणि थांबला. पोचला म्हणावं, तर देवमन भाडं खर्चून येईल आणि येऊन बघेल काय? बागेच्या जागी खुंट. नाही पोचला म्हणावं, तर तो येणारच नाही. मोईजला दोन्हींचा धीर झाला नाही. उद्या लिहू, म्हणून त्याने देवमनचं पत्र माझ्या पायाखाली सरकवलं. दिवाळी आली आणि गेली. एवढ्या उशिरा काय लिहावं, या लाजेने पुढच्या दिवाळ्याही गेल्या. सुरतेहून दुसरं पत्र आलं नाही.

माझी काच अंधूक झाली. माझ्यावर दोऱ्याच्या रिळांचा डबा आला, मग इस्त्रीचे कपडे. मोईजच्या मुलाने, शाहनवाजने, घरी मोठा रंगीत टीव्ही आणला. त्यावर ध्रुवयानाचा चौथा भाग लागला, नवा कप्तान घेऊन. मोईज बघायला गेला आणि लगेच परत दुकानात आला.

"क्या हुआ?" आमिनाबीने विचारलं.

"निळाच हाय," तो एवढंच म्हणाला.

परवा भंगारवाला सहदेव हातगाडी घेऊन आला. "चाचा, याच्यात आता काई राह्यलं नाही. पण नेतो," म्हणत त्याने मला उचललं आणि पत्र खाली पडलं. आमिनाबीने ते उचलून मोईजच्या हाती दिलं. तो वाचत राहिला. मग त्याने तिला सगळं सांगितलं.

"वो कप्तान का रास्ता नहीं देख रहा था," ती म्हणाली. "तुम्हारा देख रहा था."

मित्रांनो, जुन्या वस्तू विकायला माझी हरकत नाही. आमचं काम कधीतरी संपतंच. पण उचलण्याआधी आमच्या खाली एकदा बघा. आणि कोणी काही विचारलं असेल, तर चांगली बातमी हाती येईपर्यंत त्याला ताटकळत ठेवू नका. वाट बघणाऱ्याला वाईट बातमीही चालते. मी जन्मभर बातम्या दाखवल्या आहेत, म्हणून सांगतो.

मोईजने सहदेवला थांबवलं. कापड बेतायच्या फळीवर कागद ठेवून तो लिहू लागला. या वेळी तो एकदाही थांबला नाही. मग माझ्या गाडीबरोबर चालत तो स्टँडजवळच्या टपालपेटीपर्यंत आला.

"पत्ता लय जुना हाय ना, चाचा?" सहदेव म्हणाला. "तो तिथं नसन तं?"

"नसन बी," मोईज म्हणाला. मग सहदेवकडे न बघता त्याने पत्र वाचलं. मोठ्याने. छपरावरच्या माणसालाही ऐकू जावं, इतक्या मोठ्याने.

"देवमन, कपतान घरी नाही पोचला. बागा बी नाही राह्यल्या. तरी तू ये. सदरा निळा असू दे. तू नारंगीच घालून येजो, म्हंजे स्टँडवर मले दुरून दिसशीन."

त्याने पत्र पेटीत टाकलं. ते तळाशी पडल्याचा आवाज मी ऐकला.