पिवळ्या पट्टीच्या पाया पडणारा आज्जा

मी एक जुना मॅक्रो हाय, मित्रांनो. आधीच वरडून सांगतो, हितनं फुडं जे ऐकशीला त्यातला शब्द न् शब्द खरा हाय. उचगावच्या मळेकरणी देवीची आण. एक जरी गोष्ट खोटी निघाली तर मला कायमचं पुसून टाका.

मॅक्रो म्हंजे कॉम्प्युटरला एकदा लिवून दिलेलं काम. बटण दाबलं की त्यो ते आपलं आपण करतोय. माझा जन्म शहापुरातला, साड्या विणायच्या मागाच्या खोलीला लागून. मला लिवलं मंजुश्रीनं. तिचा सासरा सुबराव साडीचे काठ चौकटीच्या कागदावर काढायचा. एक चौकट म्हंजे एक धागा. एका काठाला आठ-आठ दिवस जायाचे. मंजुश्रीनं त्या चौकटी कॉम्प्युटरात घातल्या आन् मला शिकवलं, सुबरावनं अर्धा काठ भरला की उरलेला अर्धा तू उलटा करून जोड, रंग भर, छाप. त्या छापावरनं मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, भोकांपरमाणं माग काठ विणायचा.

माझा हात लई चलाख. डासानं पंख हलवायच्या आत मी बारा काठ जोडायचो. एकदा मी रंगवलेला मोर बघून वडगावातनं खरी लांडोर आलती आन् दिवसभर खिडकीत बसलीती.

आता त्या पट्टीचं सांगतो. माझी फाईल उघडली की वर पिवळी पट्टी यायची. ह्या फाईलीत मॅक्रो हाय, चालू करू काय, असं ती इचारायची. बाजूला बटण. विणकर मागावर बसायच्या आधी मागाला हात लावून पाया पडतोय, तसं सुबराव रोज त्या पट्टीला बोट लावायचा, बोट कपाळाला न्यायचा, मग बटण दाबायचा. हत्यारं पुजायच्या खंडेनवमीला तर कॉम्प्युटरच्या काचेवर पट्टीच्या जागी कुंकू लावलं.

"मामा, ती देव न्हाय," मंजुश्री म्हणायची. "वाचून दाबायचं असतंय."

"काय वाचायचं गं? धा वर्सं त्येच लिवलंय."

"आपली फाईल असंल तरच दाबा म्हंजे झालं."

"व्हय व्हय. तू स्वयपाकाचं बघ."

ती हसायची. त्या हसण्याचा मला आता राग येतोय, आन् माझाबी.

सुबरावची बायको यल्लव्वा. तिनं एक मेंदीपानाचा काठ जुळवलाता. सहा पानं सरळ, सातवं मुद्दाम वळवलेलं. असा काठ दुसऱ्या कुणाच्या मागावर नव्हता. यल्लव्वा गेली, तिचा कागद न् पुठ्ठे ओल येऊन सडले, त्या काठाची तिची साडी तिच्यासंगंच गेली. काठ राहिला तेवढा माझ्याजवळ.

नात आरोहीचं लग्न वैशाखात ठरलं. ती म्हणाली, "आज्जा, मला आज्जीचाच काठ पायजे. दुसरा आणलास तर मी बोहल्यावर चढत न्हाय बघ."

"चढशील गं, पळत चढशील," सुबराव म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी तो छापायलाच बसला.

त्याच सकाळी मेल आलीती. नवीन काठांचे शंभर नमुने, फुकट. सुबरावनं म्हटलं, छापायच्या आधी बघू तरी. फाईल उघडली. आत एक धुरकट चित्र, आन् वर पिवळी पट्टी. हुबेहूब माझ्यासारखी.

त्यातबी मॅक्रोच होता, मित्रांनो. माझ्याच जातीचा. काम तेवढं येगळं लिवलेलं. मी शेजारच्या फाईलीत पडून बघत होतो. मॅक्रोला तोंड नसतंय. सुबरावनं पट्टीला बोट लावलं, कपाळाला लावलं, दाबलं.

कपातला च्या निवायच्या आत त्या मॅक्रोनं कॉम्प्युटरातल्या सगळ्या काठांना कुलूप घातलं. दुरुस्तीवाला सूरज आला, तासभर बसला आन् म्हणाला, "आण्णा, हे आपल्याच्यानं उघडत न्हाय. किल्ली कुणाकडं हाय त्येबी कळत न्हाय."

सुबराव मंजुश्रीला येवढंच म्हणाला, "मी तर रोजच्यागत पाया पडूनच दाबलो गं."

माझी एक रिकामी, बिनकाठाची नक्कल मंजुश्रीच्या पेन ड्राइव्हवर होती, कुंकवाच्या डबीत. म्हणून मी वाचलो. काठांची नक्कल कुणी काढलीच नव्हती.

सुबराव परत चौकटीचा कागद घेऊन बसला. आठव्या दिवशी त्याला पान न् पान आठवलं. मी काठ जोडला, माग चालला, आरोही आज्जीच्या काठात बोहल्यावर चढली.

मित्रांनो, पिवळी पट्टी दिसली की हात मागं घ्या. फाईल कुणी धाडली, कशाला धाडली, त्याला फोन लावून इचारा. खात्री पटली न्हाय तर दाबू नका. आन् जीव लावलेल्या कामाची एक नक्कल कॉम्प्युटराबाहेर ठेवा. मी रोज गुणानं वागलो, म्हणूनच त्या बोटाला न वाचता दाबायची सवय लागली. ह्ये माझ्या जिवाला लागलंय.

आता एक कबूल करतो. लांडोर आलती, ते खरं हाय. आरोहीच्या साडीचं तेवढं मी रचलं. सुबरावला सहा पानं आठवली, सातव्याचं वळण आठवलं न्हाय. आरोही साध्या काठातच बोहल्यावर उभी राहिली. अक्षता टाकायच्या आधी आज्जानं सवयीनं तिच्या काठाला बोट लावलं, आन् कपाळाला न न्हेताच हात खाली घेतला.