रिसेटनंतरही पेटलेला दिवा

मी सतरा नंबरचा रिले बोलतोय. काड्यापेटीहून थोडा लहान, पारदर्शक टोपीचा. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक पोलादी पट्टी आणि मोहरीएवढा लाल दिवा, एवढाच माझा संसार. वेटोळ्यात वीज आली की पट्टी ओढली जाते, 'टिक' असा आवाज होतो आणि दिवा लागतो. वीज गेली की पट्टी सुटते आणि दिवा विझतो. यापलीकडे मला काही येत नाही. पण या एका टिकच्या मागे आणि पुढे जे चालतं, त्याचं नवल मला अजूनही सरलेलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे कुणीतरी मला शंभरदा वाजवून पाहिलं आणि खोक्यात बंद केलं. पुन्हा उजेड दिसला तो आकड्यांच्या हुकमावर धातू कापणाऱ्या एका सीएनसी मशीनच्या पॅनेलमध्ये, म्हणजे विजेच्या लोखंडी कपाटात. दोन्ही बाजूंना माझ्यासारखेच भाऊबंद ओळीने बसलेले. मला सॉकेटमध्ये दाबून बसवलं ते आबांनी.

आबा म्हणजे या वर्कशॉपचं विजेचं खातं. मशीनचा प्रोग्राम लिहायची त्यांची सून. मुलगा म्हणे धंदा सांभाळायचा, पण तो कायम बाहेर. मला त्याचा फक्त फोन ऐकू यायचा. आणि मशीन चालवायचा सुतळी. अंगाने काडी, म्हणून हे नाव. ते त्याने इतक्या आनंदाने पत्करलं होतं की खरं नाव विचारलं तर त्यालाच आठवावं लागलं असतं.

आमचं मशीन पंपाची झाकणं बनवायचं. झाकण कापून तयार झालं की एका दट्ट्याने त्याला बाजूच्या घसरगुंडीवर ढकलायचं. त्या दट्ट्याला हवा सोडायची की नाही, हे माझ्या हातात. निदान मला तसं वाटायचं.

खरी गंमत माझ्या मागे होती. सूनबाई प्रोग्रामच्या आत एक छोटा प्रोग्राम लिहायची, त्याला ते मॅक्रो म्हणत. त्यात एका आकड्याचं घर होतं. घरात शून्य असेल तर दट्ट्या मागे, एक असेल तर पुढे. तो एक पीएलसीकडे जायचा. पीएलसी म्हणजे आबांनी लिहिलेले नियम वाचणारा आमचा वडीलधारा. 'अमुक असेल आणि तमुक नसेल, तर हे चालू कर' असे नियम तो वरून खालपर्यंत वाचायचा, संपले की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या डोळ्याचं पातं लवेपर्यंत त्याची दहा पारायणं उरकलेली असत. कंटाळा नाही, चूकभूल नाही. मग माझी टिक, हवेचा फुत्कार, आणि पाच किलोचं झाकण निमूटपणे सरकायचं. एका बाईने शून्याचा एक केला म्हणून लोखंड हलतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो. हजारदा पाहिलं तेव्हाही तसाच.

माणसांच्या सवयी मात्र मजेशीर. मशीन बहिरं असल्यासारखं एकच बटण दोनदा दाबतात. सुतळी तर मशीनशी बोलायचा. त्याची बायको पहाटेच कामावर जायची, त्यामुळे दोन्ही मुलींच्या वेण्या घालणं त्याच्याकडे. "आज धाकटीला चार पेडांची हवी होती," असं तो मशीनला सांगायचा, आणि बोटांनी हवेत पेड घालून दाखवायचा.

आबांना पॅनेल उघडं ठेवून आतले पंखे पुसायची खोड होती.

"आबा, वीज चालू असताना कसले पंखे पुसता?" सूनबाई ओरडायची.

"मी हिला ओळखतो, ही मला ओळखते."

"ओळखीच्यांनाच आधी झटका बसतो."

आबा हसायचे आणि पुसत राहायचे. त्या खोडीबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. कारण पुढे ऐका.

एके दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. मॅक्रोने एक लिहिला, मी टिक केलं, दट्ट्या निघाला आणि झाकण वाटेतच तिरकं होऊन अडकलं. दट्ट्या मागून रेटतोय, झाकण हलत नाही. मॅक्रोत पुढे लिहिलेलं होतं: दोन सेकंद थांब, मग शून्य कर. त्या दोन सेकंदांतच सुतळीने रिसेटचं बटण दाबलं. दोनदा, सवयीप्रमाणे.

प्रोग्राम जागच्या जागी थांबला. सगळीकडे शांतता. पण शून्य लिहायची ओळ आलीच नाही. आकड्याच्या घरात एक तसाच बसून राहिला. पीएलसी तो वाचत राहिला, आणि मी पट्टी आवळून, दिवा लावून उभा. रिसेट म्हणजे सगळं बंद, असं सुतळी समजत होता. आबा समजत होते. सूनबाईही समजत होती. बंद झालं नव्हतं हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला टिकशिवाय भाषा नाही.

सुतळीने मशीनचं दार सरकवलं आणि झाकण सोडवायला हात आत घातला. झाकण सुटताच दट्ट्या सगळ्या दमाने पुढे येणार होता आणि मधे त्याची बोटं होती. मी पट्टी सोडायला काय वाटेल ते दिलं असतं. पण वीज येते तोवर मला सुटता येत नाही, हाच माझा धर्म.

आबांच्या हातात फडकं होतं. पुसता पुसता त्यांची नजर माझ्यावर पडली. थांबलेल्या मशीनमध्ये सतरा नंबरचा दिवा का लागलाय, हे विचारायलाही ते थांबले नाहीत. "सुतळी, हात," एवढंच म्हणाले आणि मला सॉकेटमधून मुळासकट उपटलं. दट्ट्यात कोंडलेली हवा बाहेर पडली. दट्ट्या सर्रकन मागे गेला. सुतळीच्या हातात झाकण आलं होतं.

"रिसेट मारला होता ना मी, आबा."

आबांनी सुतळीला लांब उभं केलं, मला परत बसवलं, अडकलेलं झाकण पुन्हा तसंच लावलं आणि बोटांच्या जागी झाडूचा दांडा धरून झाकण ढोसलं. दांड्याचे दोन तुकडे झाले. सुतळी खाली स्टुलावर बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला.

"चूक माझी," सूनबाई म्हणाली. "मॅक्रो मधेच तुटेल हे मी धरलंच नव्हतं."

"तुझ्या एकाला मी काही न विचारता पुढे पाठवलं," आबा म्हणाले. "पहारेकरी मी ठेवला नाही. चूक माझी."

"आता दोघं भांडू नका," सुतळी म्हणाला.

मग आबांनी नियम लिहायला घेतला. रिसेट दाबलं की सतरा सुटलाच पाहिजे. दार उघडं असेल तर मॅक्रोने कितीही एक लिहो, सतरा लागणार नाही.

"पण घरात एक तसाच राहिला, तर दार लावताच दट्ट्या पुन्हा धावेल की," सूनबाई म्हणाली.

आबा पुन्हा लिहायला वळले. मग तिसरा नियम आला: एकदा सतरा सुटला, तर पीएलसीने आधी घरात शून्य बघायचं, मगच नवा एक मानायचा. सूनबाईने प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत शून्य लिहिलं. आबांनी पॅनेलच्या दाराला छोटी काचेची खिडकी बसवली, बाहेरून माझा दिवा दिसावा म्हणून. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या झाडूचा दांडा घेऊन ते तपासत बसले. दांडा शाबूत राहिला.

त्या तीन ओळी पीएलसी तेव्हापासून अखंड वाचतोय. वर्षानुवर्षं, एका क्षणाची सुट्टी न घेता, एका माणसाच्या बोटांसाठी. इतकी काळजी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आता माझ्या पट्टीची, वीज पुढे देणारी टोकं काळवंडली आहेत. कधी कधी टिक होते पण दट्ट्याला हवा जात नाही. आबांचेही डोळे अधू झालेत; हल्ली पॅनेल सूनबाई उघडते, आणि आधी वीज बंद करते. आज तिने माझ्या जागी नवा बसवला. तुम्हाला एकच विनवणी: बटण दाबलं म्हणजे थांबलं, असं धरून चालू नका. आमच्या दिव्याकडे एकदा बघा. आम्हाला तेवढंच बोलता येतं.

मला भंगाराच्या डब्यात टाकणार, तेवढ्यात सुतळी म्हणाला, "वहिनी, तो मला द्या." सकाळी दोन वेण्या घालून आलेला तो हात पुढे आला. इतकी वर्षं ज्या बोटांसाठी मी दिवा लावला आणि विझवला, त्यांचा स्पर्श मला कधी झालाच नव्हता. पाचही बोटांनी त्याने मला उचललं.