मोटेचं कातडं

पारनेरच्या वकिलांची इंग्रजांच्या काळातली मोटार दुरुस्त करताना रंगनाथ मेस्त्री अडला. इंजिन नुसत्या लोखंडावर बसवलं की गाडी थडथडायची, आणि खाली घालायला जाड रबर मिळेना. शेवटी त्याने बापाची, तेल पाजून जपलेली मोटच कापली. दुष्काळात विहिरीला पाणी कुठंय, असं स्वतःलाच दटावत त्याने कातड्याच्या चकत्या इंजिनाखाली दाबल्या.

गाडी गुमान चालली. पण बाप शेजारी बसला, तेव्हा रंगनाथने नजर रस्त्यावरच ठेवली.

"लई मऊ चालतीया. इंजनाखाली काय घातलंस?"

"कातडं. बाजारातलं."

"मग त्याच दुकानातनं मोटेला ठिगळ आन रं," म्हातारा म्हणाला. "मेल्या उंदरांनी कुरतडलीया. मीच नीट बघाया पायजे हुतं."