बाराव्या रिंगपर्यंत

हॉस्पिटलात कुठूनही नऊ फिरवला की तिचाच आवाज यायचा, म्हणून तिचं नाव पडलं नऊबाई. सव्वीस वर्षं ती टेलिफोन बोर्डावर बसत होती. कुठला डॉक्टर कुठल्या मजल्यावर आहे, कोण जेवायला गेलंय आणि कोण जेवायला जातो म्हणून डुलक्या काढतंय, सगळं तिला तोंडपाठ. रोज सकाळी आठला ती प्रत्येक विभागाला फोन करून विचारायची, "आहात ना जागेवर?" हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यामुळे नऊबाईने जोडून दिलेला फोन कधी रिकाम्या खोलीत वाजत राहिला नाही.

आता तो बोर्डच बंद होणार होता. मोठ्या साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "सर्व्हिस डिस्कव्हरीची परीक्षा पास व्हा आणि वर नेटवर्कच्या खोलीत या. संधी दोनदाच. नाहीतर तळघरात जुने कागद सांभाळायचे." तळघरात फोन नव्हता. नऊबाईने त्याच संध्याकाळी परीक्षेचं पुस्तक घरी आणलं.

पुस्तक उघडलं आणि तिला हसूच फुटलं. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरांत ढीगभर प्रोग्राम. एक रिपोर्ट दाखवतो, एक औषधांचा साठा सांगतो, आणि सगळे सारखे जागा बदलतात. कोण कुठे बसलाय आणि जागेवर आहे का, हे सांगणारी एक यादी लागते, तिचंच नाव सर्व्हिस डिस्कव्हरी. यादी प्रत्येकाला थोड्या थोड्या वेळाने हाक मारते. ओ आली तर ठीक, नाही आली तर नाव खोडते.

"अगं, ही तर मीच की!" ती लेकीला म्हणाली आणि त्याच तोऱ्यात परीक्षेला बसून सपशेल आपटली.

लेक औषधाच्या दुकानात कामाला होती. नजर बारीक. तिने निकालाचा कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. ओ न देणाऱ्यासाठी किती थांबायचं, असा प्रश्न आला की आईने दर वेळी सगळ्यात मोठा आकडा निवडला होता.

"दीड मिनिट, आई? तोवर पेशंटने काय भिंतीकडे बघत बसायचं?"

"एक्स-रेवाले काका बाराव्या रिंगला उचलतात. गुडघे धरलेत त्यांचे. सहाव्यालाच ठेवला तर बिचारे उठून येतील आणि मुक्या फोनला हॅलो म्हणतील."

"प्रोग्रामला गुडघे नसतात गं!"

दुसऱ्या दिवशी नऊबाईने हीच गंमत एक्स-रेवाल्या काकांना फोनवर सांगितली. काका मात्र हसले नाहीत. "म्हणजे माझ्या पायांपायी तुम्ही नापास?" एवढंच म्हणाले.

शेवटच्या संधीला तीन आठवडे होते. लेकीने अख्खं घर कामाला लावलं. घरात येणाऱ्याने दारातच वर्दी द्यायची: मी कोण, काय काम करतो, कुठे बसणार. नवरा शिंपी, तो ओरडायचा, "शिलाई, पुढची खोली, चालू आहे!" नऊबाई स्वयंपाकघरातल्या पाटीवर लिहायची. मग ती मधूनच हाक मारणार, आणि तीन मोजेपर्यंत ओ नाही आली तर नाव पुसायचं. नाव पुसलं की चहा बंद.

आठवडाभर तिने कुणाचंच नाव पुसलं नाही. सासऱ्यांना, नानांना, कमी ऐकू यायचं. ती वीसपर्यंत मोजायची. शेवटी लेकीने तिच्या हातात ओलं फडकं दिलं आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. नऊबाईने डोळे मिटून नानांचं नाव पुसलं. तिला खरंच रडू आलं.

चहा आला नाही तसे नाना तावातावाने आत आले. "जिताजागता बसलोय आणि नाव पुसलंस माझं?"

"तुम्हाला काढून नाही टाकलं, नाना. तुमच्याकडे पाठवलेला माणूस ताटकळू नये म्हणून पुसलं. ओ द्या, लगेच लिहिते."

"ओ!" नाना एवढ्या जोरात ओरडले की शिलाईयंत्र थांबलं.

तिने नाव लिहिलं, चहा ओतला आणि मध्येच थबकली. आपणच काय बोललो ते तिला आता कळलं होतं. थांबून राहण्यात माया असते, पण पलीकडे कुणीतरी खोळंबलेलं असतं, आणि तेही आपलंच असतं.

परीक्षा रविवारी, घरूनच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरा आवाज आला तर परीक्षा रद्द. दाराबाहेर नाना खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले आणि शेजारणीलाही त्यांनी खुणेनेच परतवलं. दोन तासांनी पडद्यावर निकाल उमटला. कॅमेरा बंद झाल्याची दोनदा खात्री करून नऊबाईने दार उघडलं आणि बोर्डावरच्या सव्वीस वर्षांच्या आवाजात हाक मारली, "आहात ना जागेवर?"

तिन्ही खोल्यांतून एकदम ओ आली. सगळ्यात आधी नानांची. मग घरात जो गोंधळ झाला त्यात चहा उतू गेला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी बोर्डाचा शेवटचा दिवस. आठ वाजता तिने नेहमीसारखी फेरी सुरू केली. निकालाचं ती हॉस्पिटलात अजून कुणाला बोलली नव्हती. एक्स-रेचा नंबर फिरवून ती सवयीने पाण्याचा पेला घ्यायला वळली, तोच पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"आहे बाई, जागेवर आहे!" काका जवळजवळ ओरडलेच. "साडेसातपासून फोनजवळच उभा आहे. आठवडाभर सराव केलाय. आता माझ्यामुळे तुमचं काही अडायचं नाही."

नऊबाई पेला विसरून बोर्डाकडे वळली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"बसा काका, आधी खाली बसा," ती म्हणाली. "मशीनला तीन सेकंद, तुम्हाला बारा रिंग. उद्यापासून वर नेटवर्कच्या खोलीत हे आकडे मीच लावणार आहे."