एका बाजूने भाजलेला मासा

मित्रांनो, मला पाहिलेत तर आधी तुम्ही मला मोठी सांडशी समजाल. दोन लांब दांडे आणि त्यांच्या टोकाला बिजागरीने जोडलेली दोन जाड पाती. पाती उघडलीत की आत मासा दिसेल, खवल्यांचा आणि पसरट शेपटीचा. मी एक जुना तायाकीचा साचा आहे. तायाकी दिसते माशासारखी, पण असते गोड. बाहेर पिठाचे खरपूस कवच आणि आत अझुकीच्या लाल दाण्यांचे पुरण.

जपानमधल्या मोरिओका शहरातल्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. लोखंड ओतणाऱ्याचा हात जरा हलला असावा, कारण माझ्या माशाचा एका बाजूचा डोळा दुसऱ्या बाजूच्या डोळ्यापेक्षा मोठा झाला. तरी तायाकी विकणाऱ्या इसाओने माझ्या भावंडांबरोबर मलाही विकत घेतले आणि हिरोसाकीला आणले. त्याचे दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. बसायला जागा नाही. लोक बर्फात उभे राहत, कागदात गुंडाळलेला मासा आधी दोन्ही तळव्यांत धरून हात शेकत आणि मग खात. मुले तर मोठ्या डोळ्याचाच मासा मागून घेत. तेव्हा मला फार बरे वाटे.

एकेक साचा आचेवर धरायचा, उलटायचा, पुन्हा धरायचा. इसाओ हे काम उजव्या हाताने करी आणि तोंडाने गिऱ्हाइकांशी बोलत राही. दर रविवारी किनुयोसान येत. त्या मागच्या गल्लीत कपडे शिवत. आज पुरण कमी, आज कवच जाड, अशी त्यांची काही ना काही तक्रार असेच. इसाओही तिथल्या तिथे उत्तर देई. रांगेतली माणसे हे भांडण ऐकत हसत उभी राहत.

एका वर्षी सफरचंदांच्या तोडणीच्या दिवसांत इसाओला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. शब्दही अडखळू लागले. अडखळण्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने बोलणेच सोडले. त्याची बायको मित्सुए खचली नाही. तिने एका वेळी बरेच मासे भाजणारी गॅसची शेगडी आणली आणि खिडकी पुन्हा उघडली. तिचे मासेही चांगले होत, हे मला मान्य करायला हवे. माझी भावंडे इसाओच्या पुतण्याने आकिताला आपल्या दुकानात नेली. माझा डोळा पाहून त्याने मला मागेच ठेवले. मी मोरीखालच्या खोक्यात पडलो. ओल लागली आणि खवल्या-खवल्यांत गंज शिरला.

वर माडीवर इसाओ दिवसभर खिडकीतून बर्फ पाहत बसे. हात हलवला नाही तर तो आखडून जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्याने कोपऱ्यात भिरकावला. खाली भांडी घासताना मित्सुएचे हात मध्येच थांबत. ती मुसमुसायची, ते मी खोक्यातून ऐकत असे.

बर्फ वितळू लागले तेव्हा एका रविवारी किनुयोसान खिडकीशी आल्या.

"अजून वरच आहे का गं तो?" त्यांनी विचारले.

"विश्रांती घेतायत," मित्सुए म्हणाली.

"सगळा हिवाळा? अगं, डोंगरातली अस्वलंसुद्धा आता बाहेर पडली."

मित्सुए हसली आणि हसता हसता रडू लागली. मग तिने सगळे सांगून टाकले. किनुयोसान ऐकत राहिल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, की चेंडू काय कोणीही फेकून देईल, त्याला त्याची वस्तू दे.

त्याच दुपारी मित्सुएने मला बाहेर काढले, माडीवर नेले आणि तारेच्या ब्रशासकट इसाओच्या मांडीवर ठेवले. "अहो, हा गंजलाय. तुम्हाला नको असेल तर भंगारात देते," ती म्हणाली आणि मागे न बघता खाली गेली.

त्याने नखाने माझ्या मोठ्या डोळ्यावरचा गंज खरवडून पाहिला. मग डाव्या हाताने ब्रश उचलला. धरायला उजवा हात लागणारच होता. पहिल्या दिवशी बोटे माझ्या दांड्यावर टिकेनात, मी दोनदा खाली आपटलो. तो पुन्हा मला उचलत राहिला. रोज थोडा गंज निघे आणि रोज ती बोटे जरा अधिक घट्ट होत. शेवटी त्याने मला तेल चोपडले आणि पायरी पायरी उतरून दुकानात आणले. आचेवर धूर येईपर्यंत तापलो तेव्हा मला पुन्हा नवा झाल्यासारखे वाटले.

पुढच्या रविवारी किनुयोसान आल्या तेव्हा पीठ इसाओने ओतले. मला उलटताना दांडा त्याच्या बोटांतून निसटू लागला. मित्सुए पुढे सरकली, पण त्याने मान हलवली. उशीर झाला खरा. मासा बाहेर आला तो एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने फिकट.

किनुयोसाननी तो कागदातून उलटसुलट करून पाहिला. "इसाओ, हा या बाजूनं जळलाय."

रांगेतली माणसे इसाओकडे पाहू लागली. इसाओचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"दुस... दुसऱ्या बाजूनं खा," तो म्हणाला.

किनुयोसाननी तो मासा तिथेच उभ्याने, जळक्या बाजूसकट संपवला आणि आणखी एक मागितला.

आता रोजचे मासे मित्सुएच्या शेगडीवर होतात. रविवारी सकाळी मात्र मी आचेवर असतो. एका वेळी एकच मासा, तोही सावकाश. ज्यांना घाई नाही ते थांबतात.

मित्रांनो, घरात एखादी वस्तू गंजत पडली असेल तर टाकण्याआधी एकदा घासून बघा. आणि एखादे माणूस गप्प होऊन बसले असेल, तर त्याला नुसती विश्रांती देऊ नका. त्याच्या हातात त्याचे काम द्या, ते बिघडले तर बिघडू द्या, आणि जमल्यास त्याच्याशी थोडे भांडा.