निमोण्याच्या सोसायटीचा माईक

मी माईक बोलतोय. आजवर लोक माझ्यातून बोलले. आज माझं ऐका.

दौंडच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या फळीवर मला कळायला लागलं. समोरच्या स्टेशनवर माझ्यासारख्याच माईकवरून गाडीची घोषणा झाली की सगळा फलाट उठून चालू लागायचा. माझ्या कुळाचा मला अभिमान वाटायचा. पुढे निमोणे गावच्या दूध सोसायटीनं मला विकत घेतलं.

तिथं त्याहून मोठं बळ पाहिलं. सभेत ठरावाचं पहिलं वाक्य संपायच्या आत सगळे ओरडायचे, "मंजूर, मंजूर!" छताचे पत्रे हादरायचे. गळे शंभर, आवाज एक. मी थक्क व्हायचो.

माझ्या शेवटच्या सभेत ठराव आला. मागची सामाईक विहीर बुजवून हॉल बांधायचा. सूचक नवनाथ, अनुमोदक पोपटराव. नावं रिवाजाप्रमाणे आधीच घातलेली.

"मंजूर!"

मागून बानूबाई उठली. तिचा शेवंतीच्या फुलांचा मळा त्याच विहिरीच्या पाण्यावर.

"आबा, त्यो माईक हिकडं द्या."

"बानूअक्का, बस की आता. जेवण गार व्हतंय," पोपटराव म्हणाला. लोक हसले.

आबा म्हणजे चेअरमन साहेबराव; त्यांनी मला पुढे केलं. तिचा हात घामानं ओला होता. श्वास माझ्या जाळीवर आदळत होता.

"मला न्हाई मंजूर. माझी शेवंती वाळंल. मी एकटीच आसंल तर तसं लिवा. पर ज्याला मनापासनं इहीर बुजवायचीय, त्यानं हितं यिऊन बोलावं."

तिनं मला टेबलावर ठेवलं. कुणी उठेना. एका बाईच्या आवाजानं गप्प झालेली सभा मी पहिल्यांदा पाहिली.

"नवनाथ, सूचक तू. बोल की," साहेबराव म्हणाले.

"मी काय बोलू? तुम्हाला हॉल पायजे म्हणून मी गप बसलो, आबा."

"मला? आरं, मला वाटलं समद्यांना पायजे!"

पोपटरावानं टोपी काढून डोकं खाजवलं. "माझ्या तर म्हशी तिथंच पाणी पित्यात."

एकालाही नको असलेली गोष्ट सगळ्यांनी एका आवाजात मंजूर केली होती.

"मग ठराव रद्द करायचा का?" साहेबरावांनी विचारलं.

"मंजूर, मंजूर!"

पत्रे पुन्हा हादरले. बानूबाई हसली नाही.

आता बिनवायरचा नवा माईक आलाय. मी कपाटात आहे. जाळी गंजली. मागे विहिरीवरची मोटर सुरू झाली की शेवंतीकडे जाणारं पाणी ऐकू येतं.

मंजूर म्हणायला माईक लागत नाही. नाही म्हणायला तो लागतो. तशी वेळ आली तर कपाट उघडा. एका माणसापुरता आवाज अजून माझ्यात आहे.